उतरण्याआधीची चार मिनिटे

कल्याणहून हाजी मलंगच्या रस्त्याने गेलेल्या आपल्या वाचकांनी नेवाळीचे माळरान पाहिलेले असेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तिथे लष्करी विमानांसाठी धावपट्टी केली. युद्ध संपले, विमाने गेली, जमीन मात्र शेतकऱ्यांना परत मिळाली नाही. जून २०१७ मध्ये त्याच जमिनीवरून केवढा भडका उडाला, हे अंबरनाथ-उल्हासनगरकडच्या लोकांना आम्ही सांगायला नको. खुद्द उल्हासनगर तरी काय, मूळची लष्करी छावणीच. म्हणून तर आजही पत्ता सांगताना आपण कॅम्प नंबर सांगतो. धावपट्टी आमच्या भागात आहे, पण विमान बघायचे तर मान वर करूनच बघावे लागते. बदलापूरच्या गच्चीवरून मुंबईकडे उतरायला निघालेली विमाने मुले मोजत बसतात.

अशीच मोजत बसणारी एक मुलगी आता बारावी सायन्सला आहे आणि पायलट व्हायचे म्हणते. तिच्या अम्मीचे पत्र आम्हाला अंबरनाथहून आले. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. मुलीचे अब्बा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्स शिलाईचे छोटे युनिट चालवतात. त्यांनी साफ नकार दिला आहे. तोंडाने ते पैशांचे कारण देतात, पण अम्मी लिहितात, ‘खरे कारण त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. घाटकोपरला छोटे विमान पडले होते त्याचा व्हिडिओ त्यांनी अजून ठेवला आहे. मुलीने विषय काढला की तो तिच्यापुढे धरतात. त्यांचे भिणे चुकीचे आहे का?’

चुकीचे नाही. पण भीती कशाची बाळगायची हे नीट ठरवायला हवे, आणि त्यासाठी तो व्हिडिओ संपतो तिथून मागे जायला हवे.

२८ जून २०१८, गुरुवार. ईद होऊन बारा दिवस झालेले, पावसाळा नुकता लागलेला. दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे जोहरच्या वेळेला, घाटकोपर पश्चिमेला सर्वोदयनगरच्या जीवदया लेनमध्ये बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या आवारात एक लहान विमान कोसळले आणि पेटले. ‘किंग एअर सी-९०’ जातीचे, दोन पंख्यांचे विमान. एकेकाळी ते उत्तर प्रदेश सरकारचे होते. अपघातानंतर विकले गेले, मुंबईच्या एका खाजगी कंपनीकडे आले. बराच काळ ते जमिनीवर उभे होते. दुरुस्तीनंतर हवेत नेऊन सगळे ठीक चालते का ते पाहायचे, एवढ्यासाठीच त्या दिवशी ते जुहूहून उडाले होते आणि जुहूलाच परतणार होते. आत चौघे: दोन वैमानिक, दोन देखभाल करणारे. या चौघांत दोन स्त्रिया होत्या, एक सहवैमानिक आणि एक अभियंता. चौघेही गेले. पाचवा गेला तो रस्त्याने चाललेला एक माणूस, ज्याचा विमानाशी काडीचा संबंध नव्हता.

इमारतीवरचे मजूर त्या वेळी जेवायला गेले होते म्हणून वाचले. अल्लाहची मर्जी, दुसरे काय म्हणावे? अहमदाबादला १२ जून २०२५ रोजी याच दुपारच्या जेवणाने उलटे केले. तिथले मोठे विमान उड्डाण घेताच मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर पडले, तेव्हा मुले मेसमध्ये जेवायला बसली होती.

घाटकोपरच्या अपघातानंतर दोन गोष्टी लोकांच्या बोलण्यात आल्या. पहिली, वैमानिकाने प्रसंगावधान राखून विमान गर्दीपासून दूर, मोकळ्या जागेत नेले आणि स्वतःचा जीव देऊन शेकडो वाचवले. नागरी उड्डाण खाते पूर्वी सांभाळलेल्या प्रफुल्ल पटेल यांनीही तसा सलाम केला होता. ऐकायला ही गोष्ट फार बरी वाटते. दुसरी गोष्ट सहवैमानिक स्त्रीच्या पतीने पत्रकारांना सांगितली: हवा खराब आहे, आज उड्डाण होणार नाही, असे ती त्या दिवशी म्हणाली होती. ही गोष्ट बरी वाटत नाही. म्हणूनच बहुधा पहिली टिकली आणि दुसरी लोक विसरले.

भारत सरकारच्या विमान अपघात चौकशी विभागाने पुढे अहवाल दिला. त्याचा गाभा असा, की विमान ‘स्टॉल’ झाले. गाडीचे इंजिन बंद पडते त्याला आपण स्टॉल म्हणतो, विमानाचे तसे नसते. विमान हवेत राहते ते पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहते म्हणून. वेग फार कमी झाला किंवा नाक फार वर उचलले गेले की ती हवा पंखाला सोडून जाते आणि पंख पंख राहत नाही, नुसता पत्रा होतो. इंजिने धडधडत असतात आणि विमान दगडासारखे खाली येते. उंची असेल तर नाक खाली करून सावरता येते. घरांच्या छपरांजवळ आल्यावर सावरायला जागा उरत नाही. अशा स्थितीत विमान कुठे पडेल हे वैमानिकाच्या हाती फारसे राहत नाही. गेलेल्यांच्या घरच्यांना पहिल्या गोष्टीने धीर मिळत असेल तर तो आम्ही का काढून घ्यावा? पण मुलीला वैमानिक करायला निघालेल्या घराने दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी.

स्टॉल का झाले, तर अहवालाचा रोख असा की हलक्या-वाईट हवेत, हेलकाव्यांत, ढगांत वैमानिकांचे भान सुटले. भान सुटणे म्हणजे घाबरणे असे कोणी समजू नये. आपल्या आतल्या कानात बारीक नळ्या असतात, त्यांत पाणी असते. आपण कलतो, वळतो, तसे ते पाणी हलते आणि मेंदूला खबर देते. पण वळण हळूहळू आणि लांब असेल तर पाणी स्थिर होते आणि कान सांगतो, ‘सगळे सरळ आहे.’ मुलांना गोल गोल फिरवून एकदम थांबवले की त्यांना आपण उलट्या बाजूला फिरतो आहोत असे वाटते, तोच हा प्रकार. डोळ्यांना बाहेर जमीन दिसत असेल तर डोळे कानाची चूक दुरुस्त करतात. ढगात बाहेर नुसते पांढरे. तिथे कानावर विश्वास ठेवला की विमान एका पंखावर कललेले असते आणि माणसाला वाटते आपण सरळ बसलो आहोत. वैमानिकाला वर्षानुवर्षे शिकवतात ते हेच, की ढगात अंगाचे ऐकू नकोस, काट्यांचे ऐक.

शिकलेल्यांचेही कधी सुटते. अमेरिकेच्या अध्यक्षांचे पुत्र जॉन केनेडी धाकटे १६ जुलै १९९९ च्या रात्री स्वतःचे छोटे विमान घेऊन मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर उतरायला निघाले होते. खाली काळा समुद्र, वर धुरकट हवा, क्षितिज दिसेना. तिघे गेले. यंत्र ठीक होते. चौकशीत हेच कारण निघाले. आपल्याकडे माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ ला कानपूरच्या सभेला निघाले ते घाटकोपरला पडले त्याच जातीच्या विमानातून. हवा वाईट होती. मैनपुरीजवळ आठही जण गेले. सभेची वेळ ठरलेली असते, लोक जमलेले असतात, विमान तयार असते, आणि त्या क्षणी ‘आज नको’ म्हणणारा माणूस सगळ्यांना अडचणीचा वाटतो. त्या दिवशी कोण काय म्हणाले ते आम्ही सांगत नाही. असल्या प्रवासात काय होत असते ते सांगतो.

आता उतरण्याबद्दल. विमानाचा दीड तासाचा प्रवास धरला तर शेवटचे उतरणे जेमतेम चार मिनिटांचे असते. जीवघेण्या अपघातांपैकी निम्म्याच्या आसपास अपघात या चार मिनिटांत होतात. वेग कमी, उंची कमी, चाके-झडपा उघडण्याचे काम, वारा, पाऊस, आणि समोर धावपट्टी जवळ येत असते. जुहूसारख्या लहान ठिकाणी तर पट्टीही आखूड, चारी बाजूंना वस्ती, आणि शेजारी सांताक्रूझचे मोठे विमानतळ. हे शेजारपण इतके जवळचे, की २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे भले मोठे जेट सांताक्रूझ समजून जुहूवरच उतरले आणि पट्टी संपल्यावर पुढे गेले. डोळ्यांसमोर धावपट्टी दिसली की माणसाला ती आपलीच वाटते.

या चार मिनिटांसाठी वैमानिकाच्या हाती एक उपाय कायम असतो. जमले नाही असे वाटले की इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर चढायचे, फेरी मारून पुन्हा यायचे. त्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, त्यात अपमान नाही, आणि खर्च म्हणाल तर थोडे इंधन आणि दहा-पंधरा मिनिटे. तरी फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने अभ्यास केला तेव्हा दिसले, की वेग किंवा उंची बिघडलेली असतानाही शंभरातले सुमारे सत्त्याण्णव वैमानिक तसेच उतरतात. बहुतेक वेळा निभावते. निभावते म्हणूनच सवय लागते.

कोझिकोडला ७ ऑगस्ट २०२० रोजी निभावले नाही. कोरोनाच्या दिवसांत दुबईहून आपल्या माणसांना घेऊन आलेले ते विमान. एकूण १९० माणसे होती, त्यांतली २१ गेली. वैमानिक साधा नव्हता, वायुदलातून आलेला, नावाजलेला. पहिला प्रयत्न सोडून त्याने दुसरा केला, भर पावसात, मागून वारा असताना, आणि विमान पट्टीवर फार पुढे जाऊन टेकले. अहवालात एक ओळ आहे, ती आमच्या मनातून जात नाही. शेजारी बसलेल्या तरुण सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ असे म्हटले होते. म्हटले होते, पण ऐकले गेले नाही. तोही वाचला नाही. त्या रात्री कोंडोटीच्या लोकांनी कोरोनाची पर्वा न करता जखमींना आपल्या गाड्यांतून नेले आणि रक्त द्यायला रांगा लावल्या, हेही लिहून ठेवायला हवे.

आता त्या अंबरनाथच्या घरात परत येऊ. अब्बांना आमचा प्रश्न असा: आपली मुलगी मोठ्या माणसासमोर ‘नाही’ म्हणू शकते का? आणि म्हटल्यावर, समोरच्याने आवाज चढवला तर तेच दुसऱ्यांदा म्हणू शकते का? आपल्या घरांत मुलींना वाढवताना आपण जे शिकवतो, त्यात हे कुठे बसते? मोठ्यांना उलट बोलू नये, चारचौघांत आवाज चढवू नये, जे मिळाले त्यात समाधान मानावे. अदब आम्हालाही प्रिय आहे. पण बाविसाव्या वर्षी ती कॉकपिटमध्ये बसेल तेव्हा शेजारी पन्नाशीचा कॅप्टन असेल, तिच्या अब्बांच्या वयाचा, आणि तिला त्याला सांगावे लागेल, ‘सर, आपण चुकतो आहोत, वर चला.’ ते शब्द तिच्या तोंडात तिथे पहिल्यांदा यायला नकोत. घरात आले असले पाहिजेत. घरात ती आज अब्बांपुढे आपले म्हणणे मांडते आहे, ती त्याचीच सुरुवात आहे असे आम्हाला वाटते. अब्बांना त्यात उद्धटपणा दिसत असेल.

मुलगी म्हणून ही वाट नवी आहे, असेही कोणी समजू नये. उर्दू वाचणाऱ्या घरांत हिजाब इम्तियाज अली हे नाव जुन्या लोकांना माहीत असेल. कथा-कादंबऱ्या लिहिणारी ही बाई. ‘अनारकली’ नाटकाचे लेखक इम्तियाज अली ताज यांची पत्नी. १९३६ साली लाहोरच्या फ्लाइंग क्लबात शिकून तिने विमान चालवण्याचा परवाना घेतला. अलीकडे हैदराबादच्या एका बेकरी कामगाराची मुलगी लोकांच्या आणि सरकारच्या मदतीने वैमानिक झाली, तिच्या मुलाखती वाचकांनी पाहिल्या असतील. भारतात वैमानिकांतील सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, आणि हे प्रमाण जगात सर्वाधिक गणले जाते.

तरी शिकण्यात धोका नाही असे आम्ही म्हणणार नाही. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात पडले, त्यात प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी दोघेही गेली. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात एक छोटे विमान उतरताना आपटले. आत एकटी, बावीस वर्षांची शिकाऊ मुलगी होती. ती थोडक्या जखमांवर वाचली. शेतावरचे लोक धावत गेले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच संस्थेची दोन विमाने चार दिवसांत पडली. जीव वाचले, पण सरकारने त्या संस्थेचे उड्डाण काही काळ थांबवले.

म्हणून संस्था निवडताना चकचकीत पुस्तिका बाजूला ठेवून काही साध्या गोष्टी विचाराव्यात. किती विद्यार्थ्यांमागे एक विमान आहे? व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. तुमच्या मागच्या तुकडीला ते पुरे करायला खरोखर किती महिने लागले? विमानांची देखभाल कोण करते, तिथेच होते की दुसरीकडे? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, हे शिकून बाहेर पडलेल्या मुलांना वेगळे गाठून विचारावे: हवा बरी नाही, मी आज जात नाही, असे विद्यार्थ्याने म्हटले तर पुढे काय होते? तास बुडतो का, पैसे बुडतात का, प्रशिक्षक टोमणे मारतो का? ज्या ठिकाणी ‘नाही’ म्हटल्याची किंमत मोजावी लागते, तिथे मुलगी पाठवू नये. मुलगाही पाठवू नये. आणि फक्त विमानाच्या शाळेत कशाला, अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेल्या पोराच्या बापानेही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

अम्मींनी पत्रात आणखी एक ओळ लिहिली आहे. अब्बा आठवड्यातून दोनदा माल घेऊन मुंबईला जातात, बदलापूर लोकलच्या दारात उभे राहून. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही जण गेले. तो व्हिडिओ अब्बांनी मोबाइलमध्ये ठेवलेला नाही. गाडी रोजची असल्यामुळे तिची भीती वाटेनाशी होते, एवढेच आम्ही म्हणू. त्यांना दोष द्यायचा नाही. दारात उभे राहायची हौस कोणाला असते? पण मुलीपुढे मोबाइल धरताना त्यांनी हेही मनात आणावे.

आता आधी काय करायचे ते सांगतो. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेच. ते तिच्याकडे आहे. त्यानंतर फी भरण्याआधी वैद्यकीय तपासणी. आधी क्लास टू, मग क्लास वन. सरकारमान्य डॉक्टर डोळे, कान, हृदय, रक्त सगळे पाहतात. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही, पण रंग ओळखण्यात दोष असेल तर अडचण येते. अनेक घरे आधी लाखो रुपये भरतात आणि मग मेडिकलला जातात. क्रम उलटा ठेवावा. अब्बांनी त्या दिवशी युनिट बंद ठेवून मुलीबरोबर जावे आणि डॉक्टरांना जे विचारायचे ते स्वतः विचारावे.

राहिला पैशांचा प्रश्न. आजघडीला सगळे मिळून अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याच्याही पुढे खर्च जातो, आणि व्याजी कर्जाचा मुद्दा आपल्या बहुतेक घरांत अडतो. त्यावर पाच ओळींत लिहून भागणार नाही. पुढच्या महिन्यात त्याच विषयावर लिहू. ज्यांनी मुलांना या शिक्षणासाठी पाठवले आहे त्यांनी खर्चाचा खरा हिशोब आम्हाला लिहून पाठवावा. नावे छापणार नाही.